भिंतीकडची शेवंती

भातकुली रोडला ती बिनखिडक्यांची इमारत उभी राहिली आणि दुर्गाबाईंच्या पोटात दुखू लागलं. आत म्हणे नुसते कॉम्प्युटर. लोक मोबाईलला जे विचारतात, त्याची उत्तरं अशाच इमारतींतून निघतात, असं लेक हर्षा सांगायची. दुर्गाबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत खुपत होते ते कंपाउंडच्या भिंतीवरचे दिवे. रात्रभर लख्ख उजेड, आणि तो सगळा धाकट्या जावेच्या, शकुनच्या वावरात! तिच्या भेंडीत रानडुक्कर फिरकत नव्हतं. इकडे दुर्गाबाईंची निम्मी शेवंती डुकरं उकरून टाकायची. दुसऱ्याच्या ताटातली पोळी मोठी दिसते खरी, पण ही होतीच मोठी.

अक्षय तृतीयेला पितरांच्या घागरीसमोर कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही सासूबाईंनी घालून दिलेली रीत. दुर्गाबाईंनी नेमका तोच दिवस गाठला.

"शकुन, औंदा भिंतीकडचं वावर मले दे. माह्यं तू घे."

शकुननं घागरीकडे पाहिलं. "घ्या, जाऊबाई."

वर तिनं लागवडीतून उरतील ती शेवंतीची रोपं मागितली. दुर्गाबाईंनी मरतुकडी तेवढी दिली.

भिंतीकडे डुक्कर आलं नाही. झाडं कमरेला लागली. दिवाळीला अमरावतीच्या फुलबाजारात शकुनला तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही, असं दुर्गाबाईंनी मनाशी धरलं होतं.

दसरा गेला, तरी एक कळी नाही. आणि बांधापलीकडे, कुंपण करून राखलेली ती मरतुकडी रोपं पिवळीधमक! दुर्गाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तिनं काईतरी टाकलं असन. इचार तुया मोबाईलले."

हर्षानं विचारलं आणि वाचून दाखवलं, "शेवंतीला कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते. जवळ रात्रभर दिवा जळतो का?"

दुर्गाबाई भिंतीकडे बघत राहिल्या. "हे उत्तर त्याच घरातून आलं काय?"

"असन बी."

"मंग त्याले समजते, तं लाईट काहून इझवत नाही?"

तेवढ्यात शकुन बांध ओलांडून आली. तोरणासाठी फुलांची टोपली तिनं दुर्गाबाईंच्या हातात दिली.

"जाऊबाई, एक सांगू? पुढच्या अक्षय तृतीयेले तुमचं वावर परत मांगू नका," ती म्हणाली. "मले नाही म्हणता येत नाही."