सूज मुरली की

आत्याच्या अंगणात बहात्तर कोबी होते. उभे चिरून रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवलेले, म्हणजे एकशे चव्वेचाळीस अर्ध्या फाका. खडेमीठ अकरा किलो लागलं होतं. लाल तिखट सहा किलो, सोललेला लसूण तीन किलो, खारवलेल्या कोळंबीचे दोन डबे, आणि मुळ्यांचा एक ढीग, जो कुणी मोजला नाही. रबरी हातमोज्यांच्या चार जोड्या आणि माणसं पाच: आत्या, आई, बाबा, दादा आणि मी, नारे. बाबांना हातमोजे दिले नव्हते. त्यांना अंगणातल्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसायची आणि चुका काढायची तेवढी परवानगी होती.

त्या सकाळी दादाचं वजन चौऱ्याऐंशी किलो शंभर ग्रॅम भरलं होतं. अकरा आठवड्यांपूर्वी ते सत्त्याण्णव होतं.

बाबांचं यकृत निकामी होत आलं होतं. त्यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. काविळीचा विषाणू त्यांना जन्मतानाच आईकडून मिळाला आणि साठ वर्षं निवांत बसून राहिला. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आधी बाटलीबद्दलच विचारायचा. बाबा म्हणायचे, "अठ्ठावीस वर्षं बस चालवली. प्यालो असतो तर तुमच्यातले निम्मे आज विचारायला उरले नसते."

मृत दात्याचं यकृत मिळण्याच्या यादीत त्यांचं नाव होतं, पण फार खाली. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडाही चालतो, म्हणून उरलो आम्ही दोघं भावंडं. माझं यकृत लहान निघालं. तुकडा काढला तर उरलेल्यावर माझं भागलं नसतं. दादाचं पुरेसं मोठं होतं, पण त्यात एकतीस टक्के चरबी होती. राजधानी सोलच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर ते पांढुरकं चित्र दाखवलं होतं. "हे दहा टक्क्यांच्या आत यायला हवं," ते म्हणाले होते. "वजन पंच्याऐंशीच्या खाली आणा, मग पुन्हा स्कॅन करू." तो स्कॅन येत्या गुरुवारी होता.

दादाचं आमच्या सुंचन शहरात तळलेल्या कोंबडीचं दुकान आहे. अकरा आठवडे तो दुकानाच्या मागच्या खोलीत उकडलेली कोंबडी आणि टोफू खात होता. गिऱ्हाइकं विचारायची, "मालक, तुम्ही स्वतः का खात नाही? तेल जुनं आहे का?" तो म्हणायचा, "तेल ताजं आहे हो, मालक जुना झालाय."

घरी रोज सकाळी एकाच काट्यावर दोन वजनं व्हायची. आधी बाबा, मग दादा. बाबांचं वजन चढलं म्हणजे पोटात पाणी भरलं. मग त्यांना रुग्णालयात न्यायचं, सुई घालून पाणी काढायचं, की ते एकदम पाच किलोंनी हलके होऊन यायचे. "बघ ग्युबोम," ते दादाला म्हणायचे, "वजन असं उतरवतात. तू उगाच टेकडीवर धापा टाकतोस."

पण हिवाळ्याचं कोबीचं लोणचं, म्हणजे किमची, घालायच्या दिवशी आत्याच्या अंगणात उपास करून दाखवावा, असा माणूस अजून जन्मला नाही. ताज्या कोबीचं पान, त्यात मसाला, त्यात उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, अशी गुंडाळी करून आत्या ती स्वतःच्या हाताने भरवते. तोंड मिटलं तर ती हात मागे घेत नाही. लाल रस कोपरापर्यंत ओघळत राहतो.

"तोंड उघड."

"आत्या, गुरुवारी माझा—"

"गुरुवारी ना? आज रविवार आहे. उघड."

दादाने तीन घास मांसासकट खाल्ले. मग हिशेब केला की जाड करतं ते मांस, कोबीत काय असणार? पुढे दुपारभर तो नुसता मसाला लावलेला कोबी चाखत राहिला. आमच्या घरात मीठ बरोबर झालं की नाही हे तोच सांगतो. दुकानाचा मसाला रोज चाखून त्याची जीभ तयार झाली आहे, असं आईचं म्हणणं. संध्याकाळी सगळे डबे त्याने एकट्याने गाडीत चढवले आणि घरी उतरवले.

सोमवारी सकाळी काट्यावर पंच्याऐंशी किलो आठशे ग्रॅम आले.

दादा उतरला. काटा खिडकीजवळच्या सपाट फरशीवर नेऊन पुन्हा चढला. आकडा तोच. मग त्याने अंगातली बनियनही काढली.

"बनियन काय दोन किलोची आहे का?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. पण तिचा आवाज गमतीचा नव्हता.

मंगळवारी शहाऐंशी किलो तीनशे ग्रॅम. चेहरा गोल दिसायला लागला होता, बोटातली अंगठी निघेना. मी रसायनशास्त्र शिकले आहे आणि पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मला त्यात गूढ काही वाटलं नाही. मिठाबरोबर शरीर पाणी धरून ठेवतं. डबे उचलून दुखावलेले स्नायूही पाणी धरतात. मी कागदावर गणित मांडून दादाला दाखवलं. "दोन किलो चरबी चढायला दोन दिवसांत सहा किलो मांस जास्तीचं खायला लागेल. तू तीन घास खाल्लेस. हे पाणी आहे दादा. आठवड्याच्या आत उतरेल. यकृताशी याचा काही संबंध नाही."

"तुझ्या कागदाला माहिती आहे, काट्याला कुठे माहिती आहे?" तो म्हणाला.

दुपारी आत्या आली. तिच्या हातात पिकलेल्या लाल भोपळ्याच्या रसाची खोकी होती, पिशव्या भरलेली, सूज उतरवायला आमच्याकडे देतात तशी. दादाच्या गालावर तिने अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर तिथे क्षणभर खळगा राहिला.

"बघितलंस? हे आत्ताच उतरवलं पाहिजे. सूज मुरली की तिचं मांस होतं."

हे वाक्य आमच्याकडे सगळे म्हणतात. बाळंतिणीला सांगतात, रात्री शेवया खाऊन झोपणाऱ्या मुलींना सांगतात. लहानपणी मलाही ते खरं वाटायचं, कारण किमची मुरते, सोयाबीन मुरतं, मग सूज का मुरणार नाही?

"आत्या, पाण्याची चरबी होत नाही," मी म्हणाले.

"तू शाळेत शिकलीस. मी तीन सुनांची बाळंतपणं काढली. धाकटी अजून बघ कशी आहे. सुजलेली राहिली ती राहिलीच."

दादा भोपळ्याचा रस पीत दोघींकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, एकच असं उदाहरण द्यावं की विषय संपेल. आणि उदाहरण समोरच बसलं होतं.

"बाबांच्या पोटातलं पाणी दोन वर्षं तिथे आहे," मी म्हणाले. "त्याचं कुठे मांस झालं?"

 आईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. बाबांचे हात-पाय काटक्यांसारखे होते, आणि मधे ते पोट. सगळ्यांनी नको तिकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी नजर काढून घेतली.

बाबा हसले. "पोरगी बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "झालं असतं तर मी कुस्तीगीर झालो असतो."

पण वाद मी तिथेच हरले होते. त्यानंतर त्या घरात पाणी हा शब्द काढायची सोय राहिली नाही. मी तोंड उघडलं की आई डोळ्यांनीच गप्प करायची.

बुधवारी शहाऐंशी किलो शंभर. दादाने माझ्यासमोरच सोलला फोन लावला. अवयवदात्यांचं काम बघणाऱ्या नर्सबाई पलीकडे होत्या. मी खुणेने नको नको म्हणत होते, त्याने पाठ फिरवली.

"उद्याचं पुढे ढकलता येईल का?... नाही, तब्येत बरी आहे. वजन वाढलंय... हो, पंच्याऐंशीच्या वर... दोन आठवडे? चालेल. आभारी आहे."

"त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, थोडंफार वाढलं असेल तरी या."

"मग?"

"एकदा ते नाही म्हणालेत, नारे. दुसऱ्यांदा नाही म्हणाले तर तिसऱ्यांदा कोण बोलावणार आहे? आत्या म्हणते त्यातलं निम्मं जरी खरं असलं तरी मी बाबांना काय सांगू? किमची खाल्ली म्हणून?"

बाबा पलंगावरून ऐकत होते. दादा त्यांच्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसला, मान खाली घालून. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"एक बस चुकली म्हणून रडायचं नसतं. मागून दुसरी येतेच. मी अठ्ठावीस वर्षं तीच मागची बस चालवली."

शनिवारी सकाळी काटा त्र्याऐंशी किलो नऊशे दाखवत होता. चार दिवसांत जवळजवळ अडीच किलो उतरले होते. आत्याने फोनवर सगळं श्रेय भोपळ्याला दिलं. दादा आनंदाने घरभर फिरला, मग त्याने नर्सबाईंना फोन करून आधीची वेळ परत मागितली. ती गेली होती. मधली एखादी रिकामी झाली तर कळवू, असं त्या म्हणाल्या. पुढचा आठवडाभर तो फोन हातात घेऊन कोंबडी तळत होता. फोन आला नाही. त्याने खाणं आणखी कमी केलं. त्र्याऐंशी पाचशे. त्र्याऐंशी दोनशे. रोज सकाळी तो आकडा मोठ्याने वाचायचा आणि बाबा पलंगावरून म्हणायचे, "शाब्बास. आता दुकान बंद पडणार. असल्या काटकुळ्या माणसाकडून कोंबडी कोण घेईल?"

ठरलेल्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी बाबांनी नाश्त्याला पेज घेतली. दोन चमचे झाल्यावर ते म्हणाले, "मळमळतंय." आईने घमेलं पुढे केलं. उलटीत रक्त होतं. पहिल्यांदा गडद, मग लालभडक, आणि ते थांबेना. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. हे होऊ शकतं असं डॉक्टरांनी आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. रुग्णवाहिका आली तेव्हा दादाने त्यांना मांडीवर धरलं होतं. त्याचा दुकानातला पांढरा सदरा छातीपासून खाली लाल होता. सुंचनच्या रुग्णालयात पोचल्यावर बाबा अर्धा तास जगले. शेवटी ते दादाला काहीतरी म्हणाले. काय, ते त्याने आम्हाला सांगितलेलं नाही.

तीन दिवस शोकगृहात दादा घरातला मुख्य शोककर्ता म्हणून उभा होता. काळा कोट, दंडावर पट्टी. येणारा प्रत्येक जण फोटोपुढे वाकायचा, मग दादापुढे वाकायचा, आणि दादाने गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं. मग पाहुणे शेजारच्या खोलीत बसून तिखट लाल मटणाचं सार आणि भात खायचे. दादालाही त्यांच्याबरोबर बसावं लागायचं.

"पोरगा किती वाळलाय," बस डेपोतले बाबांचे जुने सोबती म्हणाले. "बापाच्या काळजीनं अर्धा झाला."

"लिव्हर देणार होता म्हणे."

"देणार होता. तेवढा वेळ मिळाला नाही."

"आमच्या मुनहोचं नशीब," बाबांचं नाव घेऊन एक जण म्हणाला. "घे रे, खा, उभं राहायला ताकद लागते."

त्यांनी दादाच्या वाडग्यात आणखी सार ओतलं. तो खात होता. त्याला काय वाढलं जातंय याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. वाडगा रिकामा झाला की कुणीतरी भरायचं.

तिसऱ्या दिवशी दफन झालं. परत आल्यावर दादाचे बूट निघेनात. आत्या खाली बसली, तिने ओढून ते काढले, मग मोजे काढले. मोज्यांचे वळ घोट्यांवर खोल उमटले होते. तिने एका घोट्यावर अंगठा ठेवला, दाबला, आणि खळगा बघत राहिली. तिचं तोंड उघडलं.  दादाच्या कोटाचं टोक हातात धरून ती तशीच बसून राहिली.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. सोलच्या रुग्णालयाचा संदेश होता: उद्या सकाळी साडेदहा वाजता स्कॅन, उपाशीपोटी यावे. बाबा वारले ते सुंचनमध्ये. सोलला कुणी कळवलंच नव्हतं.

"मी जाणार," दादा म्हणाला.

"कशाला रे?" आई म्हणाली. "आता कुणासाठी?"

"मला बघायचंय."

"बघून काय करशील?"

 मी त्याला अडवलं नाही. पहाटेच्या गाडीने आम्ही दोघं निघालो.  वाटेत एकदा तो म्हणाला, "जास्त निघाली तर बरं होईल. म्हणजे त्या गुरुवारीही नकारच मिळाला असता." मग बऱ्याच वेळाने, "चरबी," असं म्हणाला, जणू मला कळलं नसेल.

नर्सबाई दाराशीच भेटल्या. त्याच्या दंडावरची पट्टी बघून त्या थांबल्या.

"वडील?"

"सोमवारी."

त्यांनी मान खाली घातली. "मग आज तुम्हाला यायची गरज नव्हती. मी नाव काढून टाकते."

"काढू नका. पैसे मी भरतो. तेवढं बघा."

"असं करता येत नाही. ही तपासणी दात्यांची असते, आणि तुम्ही आता..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. माझ्याकडे पाहिलं.  त्या आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या हातात रुग्णाचा निळा झगा होता.

"डॉक्टरांशी बोलले. कपडे बदला. आधी वजन घेऊ."

दादा काट्यावर चढला. त्यांनी आकडा लिहून घेतला. मग त्याला आत नेलं. यंत्राची ठकठक भिंतीपलीकडून ऐकू येत होती, आणि बाहेरच्या बाकावर मी त्याचे बूट मांडीवर घेऊन बसले होते.

दुपारी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. दादा उभाच राहिला. डॉक्टरांनी निकाल वाचून दाखवला.

वजन सत्त्याऐंशी किलो दोनशे ग्रॅम. यकृतातली चरबी चार पूर्णांक सहा टक्के.