कयाक, काहील आणि पाच प्रदक्षिणा

निपाणीकडच्या आमच्या गावात तळ्याच्या मधोमध रवळनाथाचं देऊळ आहे. जत्रेला गुऱ्हाळातल्या, उसाचा रस आटवायच्या जुन्या काहिलीत बसून तिथं नैवेद्य न्यायचा मान गेली एकतीस वर्षं आमच्या आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे. आप्पांनी आता सत्तरी ओलांडली. गेल्या जत्रेत परतताना त्यांना अशी धाप लागली की माझाच जीव टांगणीला लागला.

"यंदा मला नेऊ द्या," मी म्हटलं.

"देवळाला जाऊन परत यायच्या शर्यतीत हरवून दाव, मग ने," आप्पा म्हणाले.

एवढंच ना? मी बेळगावात विज्ञान शिकवते. सुट्टीत कारवारला कयाक चालवायला शिकले होते, तिथूनच एक आणली. सोळा फूट लांब आणि काकडीसारखी निमुळती. जत्रेच्या आदल्या रविवारी, शर्यतीच्या दिवशी, काठावर जमलेल्यांना मी आधी धडाच दिला. लांब, अरुंद नाव पाणी कापत सरळ सुटते. गोल काहील पाणी ढकलत बसते आणि दर वल्ह्याला गिरकी घेते.

झालंही तसंच. मी देवळाशी पोचले तेव्हा आप्पा निम्म्या वाटेत गरगरत होते. मी ऐटीत हात जोडले आणि नाव मागं वळवू लागले.

"दिपे, परदक्षिणा कोण घालणार? तुझा हेडमास्तर?" आप्पा ओरडले.

पाच प्रदक्षिणा! जन्मभर पाहिलेली गोष्ट, पण विज्ञानाच्या नादात साफ विसरले. आणि सरळ पळणारी नाव काही केल्या वळेना. दर फेरीला मी पार कमळांत घुसत होते, दोनदा चौथऱ्याला धडकले. आप्पांनी भिंतीला हात लावत काहील देवळाभोवती जात्यासारखी फिरवली. माझी चौथी फेरी चालू होती तेव्हा ते परतीला लागलेसुद्धा. मग मी जीव तोडून वल्हवलं, तरी चार हात कमी पडले.

मला रडू आलं. हरल्याचं नव्हे, हा म्हातारा पुन्हा एकटा पाण्यात जाणार याचं. आप्पा धापा टाकत बसले होते. त्यांनी वल्हं माझ्यापुढं धरलं.

"येत्या रविवारी निवद तू न्यायचा. काहिलीतनं. तवर शीक."

"पण आप्पा, मी हरले की."

"म्हणून तर देतोय. हिसकावलेला मान घेऊन देवाफुडं कशी गं जाणार? जिकली असतीस, तर आणि धा वर्सं सोडला नसता."