सहा वाजेपर्यंत आई

आई पुस्तकं वाचायची, म्हणजे पोटापाण्यासाठी, माइकसमोर. ती गेली तेव्हा तिच्या आवाजातलं एकच पुस्तक आमच्याकडे उरलं, बाबांनी फोनवरच्या एका ॲपमधून रीतसर विकत घेतलेलं. आज संध्याकाळी सहाला ते ॲपच कायमचं बंद होणार होतं.

मदतकेंद्रातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही पुस्तक नाही, ऐकायची परवानगी घेतली होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरांनी कॉपी करू नये म्हणून पुस्तकाला हे कुलूप. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! फोनमधल्या फोनमध्ये रेकॉर्ड करून पाहिलं, तर नुसती शांतता. पुस्तक अकरा तासांचं, आणि घड्याळात साडेचार.

"सातवा भाग लाव," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, त्यात तिला सर्दी झालीये. प्रकाशकाच्या घाईत तसाच गेलाय तो."

"म्हणूनच. बाकी सगळीकडे ती कलाकार आहे गं. तिथे ती आपली आहे."

मग आई घरी रेकॉर्ड करताना जे करायची, तेच केलं. पंखा बंद, फ्रीज बंद, कपड्यांच्या कपाटात रजई. आत दोन फोन समोरासमोर ठेवले, एक बोलणारा, एक ऐकणारा. आम्ही बापलेक जमिनीवर, जीव मुठीत धरून. आई बोलू लागली, नाकात, मध्येच आवंढा गिळत.

पावणेसहाला बोलणारा फोन वाजला. दादा!

"झालं का गं?"

"ठेव आधी! ठेव!"

आवाज तुटला तो तुटलाच. पडद्यावर गोल गोल चक्र फिरत राहिलं. खरेदीची तपासणी चालू आहे म्हणे. एक मिनिट. तीन. बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखायला लागलं. दादाला मी मनातल्या मनात लाखोली वाहिली. सहाला पाच कमी असताना आई पुन्हा बोलायला लागली आणि मला रडूच फुटलं. तोंडावर ओढणी दाबून धरली.

"...तिनं दार उघडलं आणि हसून म्हणाली..."

सहा वाजले. पडद्यावर ओळ आली, हे पुस्तक आता उपलब्ध नाही.

बाबा तसेच कपाटाकडे कान लावून बसले होते.

"काय म्हणाली?" त्यांनी हळूच विचारलं.

दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग अजून चालू होतं. मी ते बंद केलं नाही.