पिलांचा उपास

आ-ग्येतने डुकराचं मेलेलं पिल्लू पोत्यात घातलं आणि पोत्याचं तोंड बांधलं. आठवड्यातलं हे चौथं. बाकीची पिल्लं कोपऱ्यात एकमेकांना बिलगून पडली होती. सोयाबीनचं आंबोण जसंच्या तसं होतं.

खाद्याच्या दुकानाचा खिम-सान आत आला आणि खांद्यावरची गोणी त्याने धप्पकन खाली टाकली.

"हद्द झाली वहिनी! आईचं दूध नुकतं तुटलेल्या पिलांना कुणी नुसत्या सोयाबीनवर ठेवतं? हगवण लागेल नाहीतर काय!"

"त्यात रक्त आहे," गोणीकडे न बघता ती म्हणाली.

"आहेच की! कत्तलखान्यातलं डुकराचं रक्त, वाळवून भुकटी केलेलं. दुधाखालोखाल तेच पचतं त्यांना. बून-हायदादा दुसरं काही घालू द्यायचे का?"

"ते गेले म्हणूनच. सात आठवडे घरच्यांनी मांसमच्छी टाकायची. गेलेल्याची वाट सोपी होते."

"मग तुम्ही पाळा ना! डुकरांना कसलं आलंय सूतक?"

सकाळीच ताइपेईहून आ-ग्येतच्या मुलाचा फोन आला होता. ऑफिसातल्या लोकांबरोबर जेवावं लागतं गं आई, मला नाही जमणार, तू आहेस ना पाळायला, असं म्हणून त्याने ठेवूनही दिला होता.

"घरचे म्हणजे कोण रे?" ती एकदम उसळली. "दाखव मला! या घरात त्यांच्या हातचं खाल्लेलं या पिलांशिवाय दुसरं कोण उरलंय?"

कोपऱ्यातलं एक पिल्लू उठायला गेलं आणि मागच्या पायांवर मटकन बसलं.

"हेही जाईल, वहिनी," तो हळूच म्हणाला.

तो गेल्यावर तिने गोणी उसवली. कोमट पाण्यात भुकटी कालवताना तिने तोंड फिरवून घेतलं. वास सुटताच पिल्लं एकेक करून उठली, मग ढकलाढकली करत तुटून पडली. बसून राहिलेल्या पिलाला तिने बोटाने चाटवलं. पहिल्यांदा त्याने मान वळवली, मग बोट सोडेना.

तिने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. घरात येऊन नवऱ्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली. फार एकटं वाटत होतं.

"विचारत नाहीये हं, सांगतेय," ती म्हणाली. "पोरं आजपासून खातायत. उपासाला आता मी एकटीच आहे. तेवढ्यावर भागवून घ्या."