पान त्रेचाळीस

मित्रांनो, नारिन गावच्या वाचनालयातले मी एक जुने पुस्तक आहे. ठग लोकांना कसे फसवतात, ते माझ्यात लिहिले आहे. असानकूल नावाच्या पोलिसाने निवृत्त झाल्यावर मला लिहिले. प्रत्येक धड्यात आधी युक्ती, मग ती ओळखायची कशी. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे मी फळीवर धूळ खात पडले.

एके दिवशी फेल्टची टोपी घातलेल्या एका सभ्य दिसणाऱ्या माणसाने मला घरी नेले. तो फक्त युक्त्या वाचायचा आणि त्या ओळखायच्या कशा, ती पाने न वाचताच उलटायचा.

मग मला पिशवीत घालून तो काल्बूबू नावाच्या विधवेकडे गेला. चहा झाल्यावर, आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसे "आपा" म्हणत, तो म्हणाला, "आपा, घराला नजर लागलीय. कानातली चांदीची फुलं रुमालात बांधा, मी धुरी देतो. सात दिवस गाठ सोडायची नाही."

मी गारठले. ते माझेच शब्द होते! पान त्रेचाळीस, जसेच्या तसे. ओरडावेसे वाटले, पण पुस्तकाला तोंड कुठले?

काल्बूबूची सून जिपारा म्हणाली, "आपा, परक्या माणसाच्या हातात देताय?"

"गप गं! तू या घरात आलीस आणि वर्षात तुझा सासरा गेला. नजर नाही तर काय?"

जिपाराचा चेहरा उतरला.

धुरीचा पाला काढताना त्याने मला पिशवीतून काढून बाजूला ठेवले. धुरात रुमाल बदलला आणि घाईत मला तिथेच विसरून तो निघून गेला.

जिपाराने मला उचलले. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. ते वाचून ती सासूकडे धावली.

"आपा, गाठ सोडा!"

"अगं, सात दिवस..."

"सोडा म्हणते ना!"

रुमालात दोन खडे निघाले.

मला छातीशी धरून ती गाडीतळावर धावली. मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही. दोन जागा रिकाम्या होत्या, म्हणून तो आतच अडकला होता. जिपारा दार अडवून उभी राहिली.

"काय पाहुणे, निघालात? आमचा रुमाल राहिला ना तुमच्याकडे!"

गाडीतल्या बायकांनी त्याला घेरले. फुले मिळाली. घरी काल्बूबूने ती सुनेच्या कानात घातली.

जिपाराने मला परत नेऊन दिल्यावर वाचनालयाच्या झूराकानबाईंनी मला कुलपात ठेवले. "भलत्याच्या हाती नको लागायला," त्या म्हणाल्या. पण ज्यांना सावध करायचे, तेच मला विसरून गेले. मित्रांनो, मला मागून घ्या, शेवटपर्यंत वाचा, घरातल्या म्हाताऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. जरा लवकर या. कारण इतक्या वर्षांनी आज एक माणूस माझी चौकशी करायला आला आहे. फार गोड बोलतो आहे. झूराकानबाई किल्ली शोधत आहेत.