रांजणावरचं झाकण

"घ्या ना ताई, गार हाये पानी," म्हणत बेबीताईंनी पेला माझ्या हातात दिला. तो मी तोंडाला लावणार, तेवढ्यात माझी नजर त्यांच्या रांजणावर गेली.

रांजणावर झाकण म्हणून एक पत्रा ठेवला होता. कधीकाळी पांढरा असावा, आता पिवळट पडलेला. एका कडेला बारीक भोकांची जाळी. मधोमध कुंकवाचं पुसट स्वस्तिक आणि त्याखाली रंगानं, थोडं तिरकं लिहिलेलं, 'आस्थापना-२'. ते अक्षर माझं होतं. 'स्था'चा काना मी उगाच लांब ओढते, त्यावरून ऑफिसात अजून माझी चेष्टा होते.

"हे कुठून आणलं हो बेबीताई?"

"कंपनीतून. पडेल होतं तिथं. म्हटलं, चांगला पत्रा हाये, काऊन वाया घालवाचा? मुकादमानं तसाच देला, माय." त्या कौतुकानं सांगत होत्या. "बरोब्बर बसते रांजनावर. पाह्यलं?"

त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तायडे सर, बाजेवर बसून बूट काढत होते. त्यांनी वर पाहिलं, पत्रा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. एक बूट पायात आणि एक हातात, असे ते तसेच बसून राहिले.

सर म्हणजे प्रसेनजित तायडे. आमच्या तंत्रनिकेतनात संगणक शिकवतात, पण त्यांचा जीव वेगळ्याच विषयात. संगणक कमी विजेवर कसा चालवायचा, जास्त वर्षं कसा टिकवायचा आणि मेल्यावर त्यातलं विष माती-पाण्यात न सोडता तो मोकळा कसा करायचा, यावर त्यांनी पीएच.डी. केली. मुंबई-पुण्याचे लोक त्यांना तज्ज्ञ म्हणून विमानानं बोलावतात. आमच्या कॉलेजात मात्र त्यांचं नाव 'भंगार सर'. मीही तसंच म्हणायचे, खोटं कशाला बोलू?

मी तिथंच वरिष्ठ लिपिक. आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते, त्यात माझा संगणकही आला. दरवर्षी मी त्याला हळद-कुंकू लावायची, झेंडूचं फूल वाहायची. सर दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या गावच्या विहारात जायचे, पण आदल्या दिवशी आमच्या पूजेत पेढा खायला हजर. एका वर्षी पेढा तोंडात टाकता टाकता म्हणाले, "ताई, मशीनले कुंकू लावता, फूल वाहता, ते ठीक हाये. पन मेल्यावर त्याले नेता कुठं?"

"सणासुदीचं काय मेलं-बिलं बोलता हो सर!" मी चिडलेच. ते ओशाळले आणि दुसरा पेढा घेऊन निघून गेले. पण प्रश्न बसला ना माझ्या मानगुटीवर. खरंच, नेतो कुठं? कॉलेजच्या जिन्याखाली तेव्हा मेलेल्या संगणकांचा ढीग लागला होता आणि त्यात मांजर व्यायली होती.

मग सरांनी जिल्हाभर मोहीमच काढली. शाळा, बँका, पंचायती, जिथं जिथं बंद पडलेली यंत्रं असतील तिथं हा माणूस मोटारसायकलवर हजर. जे चालण्यासारखं असेल ते हलकं करून पुन्हा चालवायचे. "मशीन मेलं नाई, त्याच्यावर वझं लय झालं," म्हणायचे. ज्याचं खरंच संपलं असेल ते एका कंपनीला द्यायचं ठरलं. बाहेरगावची कंपनी, रीतसर परवाना. सरांनी स्वतः जाऊन त्यांचा कारखाना पाहिला होता. चकचकीत शेड, कामगारांच्या हातात मोजे, तोंडावर मास्क. परत आले ते लग्न जमल्यासारखे खुशीत.

माझा संगणक देताना मी अडून बसले होते. माझा नवरा गेला तेव्हाचे सगळे कागद मी त्याच्यावरच टाइप केले होते. रडत रडत टाइप केले होते. सरकारी भाषेत अशा वस्तूचं निर्लेखन होतं, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी होतं, पण माझं मन कुठं सरकारी होतं? तेव्हा सर माझ्या टेबलाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, शब्द देतो तुमाले. याचा एक तुकडाई मातीत जानार नाई, अन् कोनाच्या छातीत बी नाई."

त्यांचा शब्द म्हणून मी कुंकवासकट संगणक दिला. त्याचा पत्रा आता त्यांच्याच बहिणीच्या रांजणावर होता.

त्या दिवशी आम्ही पिंपळगाव राजाच्या शाळेतला शेवटचा माल गाडीत भरून दिला होता. मोहीम संपली, म्हणून सर म्हणाले, "चला ताई, वाटेतच आमचं गाव हाये, बेबीकडे चहा घेऊ." सहा महिने पुण्याला अभ्यासवृत्तीवर होते, तेव्हापासून ते बहिणीला भेटले नव्हते. फोनवर बहीण म्हणायची, मस्त चालू हाये. काय मस्त चालू आहे ते त्यांनी विचारलं नव्हतं.

"कुठं हाये तुही कंपनी?" सरांनी विचारलं.

"असं काऊन पुसतं बे? तूच त आनली ना! उत्तमरावच्या गोदामात. चाल, दाखोतो."

रस्त्यानं सरांनी मला अडखळत सांगितलं. कंपनीचा माणूस सुरुवातीला म्हणाला होता, माल उतरवायला, वेगवेगळा करायला इकडंच एखादी जागा मिळाली तर बरं. सरांना वाटलं, आपल्याच गावाला काम मिळेल. उन्हाळ्यात वेचणी नसते, निंदण नसतं, बाया घरी बसून असतात. गावातल्या उत्तमरावांचं कापसाचं जुनं गोदाम रिकामं होतं, ते त्यांनीच सुचवलं. आपल्या गावासाठी कुणी केलं नसतं का हो हे? मी केलं असतं.

गोदामाच्या अलीकडेच वास आला. जळक्या प्लास्टिकचा, घसा धरणारा. नाल्याच्या काठी वायरींचे भारे पेटवले होते आणि काळा धूर कापसाच्या पऱ्हाटीवरून सरळ गावाकडे चालला होता. आत पंधरा-वीस बाया हातोड्या घेऊन बसलेल्या. कोपऱ्यात प्लास्टिकचे टब, त्यात पिवळं तेजाबी पाणी आणि त्या पाण्यात संगणकातल्या हिरव्या पट्ट्या भिजत घातलेल्या.

"हे माह्यं काम," बेबीताई टबाशी जाऊन म्हणाल्या. "याच्यातून सोनं सुटते म्हंते. हातानंच चाळा लागते." त्यांनी हात दाखवले. नखं तपकिरी, बोटांची सालटं निघालेली. आणि त्या हसत होत्या हो! भावाला आपलं काम दाखवताना हसत होत्या.

खुर्चीवरून उत्तमराव उठले. "या सर, या! लय आठोन काढतो तुमची. साऱ्या गावाले कामाले लावलं तुम्ही."

"काका, इथं फक्त माल वेगळा कराचं ठरलं होतं ना?" सरांनी विचारलं.

"तेच त चालू हाये. तांबं येगळं, पत्रा येगळा. येगळंच करून राह्यलो ना!"

सर नाल्यापर्यंत गेले. तिथून दोन ढांगांवर गावाची पाण्याची विहीर. त्यांनी वाकून विहिरीत पाहिलं आणि कठड्यावर बसले. मला वाटलं, हा माणूस आता आत उडी टाकतो. मी धावत जाऊन त्यांचा शर्टच धरला.

घरी आल्यावर ते बहिणीला म्हणाले, "बेबी, उद्यापासून तिथं जाऊ नको. जहर हाये ते."

"अन् करू काय? घरी बसू?"

"मी देतो ना पैसे."

"तुह्यं खाऊन मरू मी?" बेबीताईंचा आवाज चढला. "बाबा गेले तवा तू किती होता रे? ह्या हातानं पऱ्हाटी येचून शिकोलं तुले. पह्यल्यांदा सावलीत बसून पगार भेटून राह्यला. बाया मले म्हंतात, तुह्या भावानं आनलं काम. अन् तूच म्हंतं बंद कर!"

"धूर छातीत जाते, बेबी."

"चुलीचा धूर कुठं जात होता मंग? तवा नाई आला कोनी सांगाले."

डॉक्टरेट झालेला माणूस खाली मान घालून बसला.

पुढचे काही दिवस सर वर्गात जायचे, शिकवायचे, येऊन माझ्या टेबलासमोर बसायचे. तक्रार करावी तर बहिणीच्या आणि गावातल्या बायांच्या ताटातली भाकर काढून घ्यायची. करू नये तर तिला रोज थोडं थोडं मरू द्यायचं. शेवटी एक दिवस म्हणाले, "ताई, टाइप करा." मी नव्या संगणकावर तक्रार टाइप केली. खाली त्यांनी सही केली.

तपासणीला सरकारी गाडी आली तोवर कुणीतरी वर्दी दिली होती. गोदाम झाडून सारवल्यासारखं स्वच्छ. टब नाहीत, हातोड्या नाहीत. राख नाल्यात लोटलेली. कंपनीनं कागद दाखवले की सगळा माल कारखान्यात रीतसर मोडला आणि त्या कागदांवर जिल्ह्याकडून माल सोपवणारे तज्ज्ञ म्हणून सही कुणाची? सरांचीच. उत्तमराव म्हणाले, आमच्याकडे कोनाचं काही काम नव्हतंच. बायांचा शेवटचा पगार बुडाला तो बुडालाच. त्या तरी कशाला बोलतील? त्यांच्या लेखी त्यांची भाकर सरांनी पळवली होती. ज्या दिवशी सर गावात गेले त्या दिवशी दारं लागली. बेबीताईंनी दार उघडं ठेवलं, पण भावाशी बोलणं टाकलं.

सरांनी विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं. शिसं होतं, आणखी काय काय होतं. त्यांनी बहिणीकडे विकतच्या पाण्याचे डबे पाठवले, तिनं दारातूनच परत केले. गावाला टँकर मंजूर झाला तो कधी येतो, कधी येत नाही. विहीर मात्र रोज असते.

शाळांचे फोन येत राहिले, "सर, गाडी कधी पाठवता?" सर म्हणायचे, "नाई पाठवत." जिन्याखाली पुन्हा ढीग लागला. वर नव्या प्रयोगशाळेसाठी संगणकांची खोकी येऊन पडली, त्यांचं फीत कापून उद्घाटन झालं. सरांनी भाषणाला नकार दिला. मला म्हणाले, "ताई, ज्याले शेवटी टाकाले जागा नाई, ते आपन घेतो काऊन?" मी म्हटलं, "सर, असं निराश होऊन कसं चालेल?" म्हटलं आपलं, म्हणायचं म्हणून. मलाही कुठं काही दिसत होतं पुढं?

खंडेनवमीला मी ताट घेऊन संगणकापुढे उभी राहिले आणि कुंकू लावलं नाही. ऑफिसातले साहेब म्हणाले, "काय हो, व्रत सोडलं का?" मी ताट टेबलावर ठेवलं आणि बाहेर येऊन पोटभर रडले. त्या वर्षी सर पेढा खायलाही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते विहारात जाणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मीच त्यांच्या दाराशी रिक्षा उभी केली. "चला. बेबीताईंकडे जाऊन येऊ." जाताना बाजारातून मी स्टीलचं मोठं झाकण घेतलं. तो पत्रा मला तिथं नको होता. नजरेसमोरच नको होता.

बेबीताई बाजेवर होत्या. निम्म्यानं वाळल्या होत्या. खोकला आला की दोन्ही हातांनी बाजेची कड धरायच्या. मला पाहून उठल्या. "बसा ताई. त्यालेई म्हना बस." भाऊ हातभर अंतरावर उभा, आणि निरोप माझ्या तोंडून.

सर जमिनीवर बसले. मी झाकण पुढे केलं. "बेबीताई, हे आणलंय. रांजणावर ठेवा. तो पत्रा द्या मला, मी नेते."

त्यांनी झाकण उलटंसुलटं करून पाहिलं, छान हाये म्हणाल्या, आणि पिठाच्या डब्यावर ठेवलं.

"रांजणासाठी आणलं होतं हो."

"रांजनावरचं नाई काढत मी," त्या म्हणाल्या. त्यांना पुन्हा खोकल्याची उबळ आली. ती सरल्यावर म्हणाल्या, "ते नाई काढत, ताई. गावात म्हंतात, तुह्या भावानं काय देलं तुले? त हे देलं ना. त्याच्याच गाडीत आलं होतं ते." त्यांनी पदरानं पत्र्यावरची धूळ पुसली, स्वस्तिक सोडून आजूबाजूची.

मग त्यांनी पत्रा बाजूला सारला, दोन पेले भरले. एक माझ्या हातात दिला. दुसरा घेऊन त्या भावासमोर आल्या.

सर खालच्या मानेनं म्हणाले, "बेबी, हे नको ना पेऊ. डबे पाठोतो म्हटलं ना तुले."

"सारं गाव हेच पेते. मी एकटी डब्याचं पेऊ?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या थेट त्याच्याशी बोलत होत्या. पेला तसाच पुढे धरून राहिल्या. "घे. उनातून आला."

मी माझा पेला बाजेच्या पायाआड ठेवला. मला नाही झालं धाडस. त्या पाण्यात काय आहे हे मला कागदावरून माहीत होतं, आणि सरांना तर माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. शिसं शरीरात कुठं जाऊन बसतं आणि मग कधीच निघत नाही, हे तेच तर लोकांना सांगत फिरायचे.

त्यांनी पेला घेतला. बहिणीच्या बोटांकडे पाहिलं आणि एका दमात सगळं पाणी प्यायले. मग तोंड पुसलं आणि रिकामा पेला पुन्हा तिच्यापुढे धरला.

"अजून दे," ते म्हणाले.