दहावा रकाना

आत्म्यालाही बीपी असतं हे आमच्या चर्चच्या मंडळीला गेल्या फेब्रुवारीत कळलं. नवे पाळक वैजनाथसाहेब श्रीरामपूरहून कार्डं छापून घेऊन आले. वर 'आत्मिक आरोग्य कार्ड', खाली हृदय, हृदयाला स्टेथोस्कोप. आत दहा रकाने. बायबल रोज वाचता का, उपवास करता का, प्रार्थनेत झोप लागते का. दहाही भरले की 'निरोगी' असा निळा शिक्का. शिक्का नसेल त्याने प्रभुभोजनाच्या तबकाला हात लावायचा नाही, म्हणजे त्यातला पाव वाटायचाही नाही आणि खायचाही नाही.

माझे वडील यशया मास्तर, रिटायर्ड, मंडळीचे पंच. एकवीस वर्षं ते पितळी तबक त्यांच्याच हातात. पावाचे तुकडे घेऊन बाकांमधून फिरताना चेहरा असा, की पावाचा शोध यांनीच लावला. नऊ रकाने त्यांनी एका बैठकीत भरले. प्रार्थनेत झोप लागते का, याला 'कधीच नाही' लिहिलं आणि पेन धरूनच झोपले.

दहावा रकाना अडला. 'कुणाशी अबोला नाही. असल्यास समेट करून समोरच्याची सही घ्यावी.'

पप्पा आणि शेजारचे स्टीफनकाका, सख्खे भाऊ, सात वर्षं बोलत नाहीत. कारण भोपळा. कापणीच्या सणाला जो तो शेतातलं काहीतरी चर्चमध्ये आणतो. त्या वर्षी दोघांनीही भोपळा आणला. मांडणी पप्पांकडे. पप्पांचा भोपळा मेजावर, काकांचा मेजाखाली. काका म्हणाले, "माझा भोपळा देवाला दिसलाच नाही." पप्पा म्हणाले, "देवाला सगळं दिसतं." त्यानंतर संवाद बंद. धर्मचर्चा म्हणून वाईट नव्हती.

"डॅनी," शनिवारी पप्पा म्हणाले, "हे कार्ड तुझ्या काकाकडे ने. सही आण."

"आणि समेट?"

"सहीत येतं ते सगळं."

काका ओट्यावर बसले होते. मांडीवर त्यांचंही कार्ड, नऊ रकाने भरलेले. पप्पांना शिक्का मिळाला नाही तर तबक आपल्याकडे येणार, हा त्यांचा आत्मिक हिशोब.

"आधी त्याची सही आण," काका म्हणाले.

"ते म्हणतील, आधी तुमची."

"मग एकदम. मी इकडून सरकवतो, त्यानं तिकडून सरकवायचं."

मधल्या भिंतीवर मी बसलो, दोन्ही अंगणांत एकेक पाय सोडून. कार्डं एकाच क्षणी सरकली. सह्या झाल्या. पप्पांनी सही उजेडात धरून तपासली. "विचार त्याला, तारीख का नाही टाकली?"

रविवारी पाळकसाहेब दोन्ही कार्डं पाहून इतके हरखले, की तबक दोघांनी मिळून धरायचं ठरलं. एक कडी पप्पांकडे, एक काकांकडे. पाव शिक्के मोजून कापलेला.

तेवढ्यात चर्च झाडणाऱ्या लंकाबाई उठल्या. त्यांचा दहावा रकाना कोरा होता.

"सकाळी शेजारच्या चांगुणाशी वाजलं, साहेब. कोंबड्यांवरनं. लई वंगाळ बोलले मी तिला."

"त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत ना? मग चालेल."

"तिला चालंल का पन?" म्हणत बाई भर उपासनेतून निघून गेल्या.

इकडे तबक तिसऱ्या बाकाशी अडलं. पप्पांची कडी पुरुषांकडे ओढत होती, काकांची बायांकडे. तुकडे या काठावरून त्या काठावर घसरत होते.

"डॅनी, काकाला सांग, आधी पुरुष."

"डॅनी, तुझ्या बापाला सांग, कायम बायाच शेवटी का?"

मी निरोप पोचवत होतो. मंडळी माना खाली घालून पश्चात्ताप करत होती. पश्चात्ताप संपला, पाव येईना. काहींनी दुसऱ्यांदा सुरू केला.

लंकाबाई परतल्या. पदरात चांगुणाबाईंनी दिलेली दोन अंडी. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"मास्तर, सोडा."

"तुमच्याकडे शिक्का नाही," पप्पा म्हणाले.

"शिक्का घेऊन चाटू का? लोकं ताटकळलीत. सोडा."

एकवीस वर्षांत पहिल्यांदा तबक पप्पांच्या हातून सुटलं. बाईंनी सगळीकडे पाव वाटला, आपला खाल्ला, आणि परत दोघांपुढे आल्या. एकच तुकडा उरला होता.

"अर्धा अर्धा घ्या."

"डॅनी," पप्पा म्हणाले, "त्याला विचार, मोडू का?"

"माझ्या हातात अंडी आहेत," मी म्हणालो.

अंड्यांचा आणि बोलण्याचा काय संबंध हे कुणी विचारलं नाही. पप्पांनी सात वर्षांचा घसा खाकरला.

"मोडू का?"

"मोड," काका म्हणाले. "माझा मेजाखाली ठेवू नको म्हणजे झालं."

कार्डं दोघांनीही लॅमिनेट करून आणली. श्रीरामपूरहूनच, वेगवेगळ्या दुकानांतून.